फोटोला नाक लावणारा माणूस

माझ्या ताईचा नवरा फोटो डोळ्यांनी बघत नाही, नाकाने बघतो. कुणाच्याही घरी गेला आणि भिंतीवर काही टांगलेलं दिसलं, की हा पाणी प्यायच्या आधी तिकडे वळतो. चष्मा कपाळावर चढवतो, नाकाचं टोक काचेला टेकेपर्यंत वाकतो आणि डावीकडून उजवीकडे सरकत जातो. घरची माणसं मागे आशेने उभी असतात. फोटोत त्यांचं कुणीतरी असतं, मुलगी असते, गेलेला भाऊ असतो. हा सरळ होतो आणि एकच शब्द बोलतो, "फुटलाय." म्हणजे फोटो कुवतीपेक्षा मोठा केलाय, जवळून ठिपके दिसतात. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल डाग राहतो. मी फोटोंना फ्रेम करून देते, माझं दुकान त्याच्या स्टुडिओला लागूनच आहे, त्यामुळे असले डाग मी पुष्कळ पुसलेत. पुसताना मनात जे येतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नसतं.

बाजारात त्याला सगळे 'मेगा' म्हणतात. मेगापिक्सेलमधला मेगा. त्याला वाटतं कौतुकाने म्हणतात. मी तोंडावर भावोजी म्हणते, कारण ताई ऐकत असते. ती नसली की मीही मेगाच म्हणते, आणि कौतुकाने तर मुळीच नाही.

त्याच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा तिचा फोटो त्याच्याकडे गेला होता. फिल्मचे दिवस होते ते, फोटो मोठा केला की फिल्मचे दाणे दिसायचे. चार दिवसांनी मध्यस्थ परत आला. आईने विचारलं, "मुलाला मुलगी कशी वाटली?" मध्यस्थ बिचारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "मुलगा म्हणतोय फोटोत दाणे फार आलेत." आम्ही हसलो. ताई सगळ्यात जास्त हसली. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा माणूस नाकाने कांदे सोलणारा दिसतोय. पण घरातल्या धाकटीचं कोण ऐकतं?

फिल्म गेली, डिजिटल कॅमेरे आले आणि त्याला हवं ते खूळ सापडलं. आता तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक छोटी पट्टी असते, सेन्सर म्हणतात तिला. तिच्यावर उजेड टिपणारे बारीक ठिपके असतात. असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. ठिपके जितके जास्त, तितका फोटो मोठा करता येतो. एवढं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण मेगाच्या लेखी जगात दुसरं काही नव्हतंच. त्याचा पहिला कॅमेरा बाराचा होता, मग चोवीसचा आला, मग साठचा. नवा आला की जुना असा अडगळीत जायचा, जणू त्याने चोरी केली होती. आणि नव्याचा पहिला फोटो ताईचा नाही, मुलाचा नाही, समोरच्या गोदामाच्या विटांच्या भिंतीचा. विटा मोजता आल्या की हा खूश. त्याच्याकडे त्या भिंतीचे जेवढे फोटो आहेत तेवढे त्याच्या बायकोचे नाहीत. हे मी रागाने वाढवून सांगत नाहीये. ते किती खरं होतं ते आम्हाला पुढे कळलं.

एकदा मी त्याची गंमत केली. बाराच्या आणि साठच्या कॅमेऱ्यातून काढलेले त्याच विटांचे दोन प्रिंट त्याने फ्रेमला टाकले होते, दोन्ही वहीच्या पानाएवढे. मी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "भावोजी, यातला नवा कोणता?" त्याने चष्मा वर केला, नाक लावलं, बराच वेळ विटा हुंगल्या आणि ठामपणे जुन्यावर बोट ठेवलं. मी मागची चिठ्ठी दाखवली. तेवढ्या आकारात फरक दिसणारच कसा? चार पटीने मोठा केला असता तर दिसला असता. पण हे कबूल केलं तर तो मेगा कसला? म्हणाला, "कागद हलका वापरलाय." कागद त्याचाच होता.

या खुळातून त्याला एक वाईट खोड लागली, आणि ही गोष्ट त्या खोडीचीच आहे. तो माणसांच्या जवळ जाईनासा झाला. आधी निदान समोर उभा राहून "हसा" म्हणायचा. आता कुठलाही समारंभ असला की हा दालनाच्या पार मागे स्टुलावर चढतो, सगळी गर्दी एका फोटोत घेतो आणि खाली उतरतो. कुणी म्हणालं, आमचा दोघांचा एक जवळून काढा, तर म्हणायचा, "त्यातच आहात तुम्ही. नंतर कापू." ठिपके आहेत ना भरपूर! मग जवळ जायची, नाव विचारायची, दोन शब्द बोलून माणूस खुलवायची गरजच काय? घरी बसून त्या गर्दीतून एकेक चेहरा कापून काढायचा आणि द्यायचा. लोकांच्या डोळ्यांत बघायचं नसेल तर यासारखा धंदा नाही.

आणि लाइट धरायला ताई. लग्न झाल्यापासून ताईच. पांढऱ्या छत्रीचा लाइट डोक्यावर उंच धरून ती एका कडेला उभी. स्टँड घ्या की, असं मी शंभरदा सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "स्टँडला बोलून कळत नाही, हिला कळतं. आणि हिचा हात हलत नाही." उभ्या जन्मात त्याने बायकोचं केलेलं कौतुक ते एवढंच. तेही ताई मला पुन्हा पुन्हा सांगायची, वर हसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज डोळ्यांनी बघत होते.

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा आम्ही सगळं गणगोत बोलावलं. एक हॉल घेतला, खुर्च्या मांडल्या, आईला मधोमध बसवलं. मेगा साठ मेगापिक्सेलवाला कॅमेरा गळ्यात घालून आधीच हजर. त्याला भिंतभर फोटो करायचा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "तुमच्या शर्टाचं बटण मोजता येईल असा काढतो." लोकांना बटणं मोजून काय करायचंय, कुणास ठाऊक.

ताई सकाळपासून माझ्या मागे लागली होती. "धाकटे, आज मला आईजवळ बसायचंय गं. लग्न झाल्यापासून आईबरोबर माझा एकही फोटो नाही. प्रत्येक वेळी मी लाइट घेऊन उभी." तिने नवी कोरी निळी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. इतकी वर्षं तिने कशासाठी म्हणून हट्ट धरला नाही, आणि धरला तो एका फोटोसाठी, तोही स्वतःच्या आईशेजारी.

सगळे जागेवर बसल्यावर आईने शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जावईबापू, ही इथे बसेल. ही खुर्ची मी तिच्यासाठी धरून ठेवलीय."

मेगा स्टुलावरून म्हणाला, "आई, ती लाइट धरणार."

"मी धरते लाइट," मी उठून म्हटलं.

"तू बस. तुझा हात हलतो." मग ताईकडे बघून म्हणाला, "तू कडेला उभी राहा. फोटोत येतेस तू. नंतर कापतो आणि आईंच्या शेजारी बसवतो. त्यासाठीच खुर्ची रिकामी राहू दे. साठ मेगापिक्सेल आहेत, कुठे काही कळणार नाही."

आई ताईकडे बघत राहिली. ताईने पदर खोचला, छत्रीचा लाइट उचलला आणि कडेला जाऊन उभी राहिली. फोटोत येणार म्हणून ती हसत होती, हे मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं. मेगाने तीन-चार वेळा बटण दाबलं आणि जेवायला गेला.

सगळे पांगल्यावर ताई येऊन आईच्या शेजारच्या त्याच खुर्चीवर बसली. लाइट खाली ठेवला होता तरी तिचा उजवा हात अजून वरच होता. खांदा अवघडला असेल, नाहीतर सवयीने विसरली असेल. आईने तो हात बघितला आणि म्हणाली, "अगं, हात खाली घे आता. जावईबापू जेवायला गेले." ताईला आधी कळेना. मग तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि जी हसत सुटली ती थांबेना. आईही हसली, दात नसलेलं तोंड उघडून, मान मागे टाकून. मी समोरच होते. माझा मोबाईल जुनाट, त्याच्या कॅमेऱ्यावर ओरखडा. मी काढला फोटो. काही विचार करून नाही, हाताला लागला म्हणून काढला.

त्याच वर्षी आई गेली. थोड्या दिवसांच्या आजारात गेली, कुणाला फार त्रास न देता.

सगळं उरकल्यावर एका दुपारी मेगा माझ्या दुकानात आला. खांद्यावर फोटोची गुंडाळी आणि मागे ताई. "याला चांगली फ्रेम कर. असा प्रिंट या बाजारात कुणी काढलेला नाही," म्हणाला. मी काच कापायचं टेबल मोकळं केलं आणि आम्ही गुंडाळी उलगडली. खोटं कशाला बोलू, फोटो उत्तम होता. एवढा मोठा असून आईच्या स्वेटरची वीण दिसत होती. मावशीच्या चष्म्यावर हॉलच्या खिडक्या दिसत होत्या. मोठा प्रिंट आणि जवळून बघायचं म्हटलं तर ठिपके लागतातच, आणि ते त्याच्याकडे होते.

ताई बघत नव्हती, शोधत होती. तिचं बोट आधी आईच्या शेजारी गेलं. तिथे खुर्ची होती, रिकामी. खुर्चीच्या पाठीवरचा ओरखडासुद्धा स्पष्ट दिसत होता. मग बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत कडेला गेलं. कडेला हॉलची भिंत होती, स्वच्छ, पिवळट, एक डाग नाही.

"मी इथे उभी होते," ताई म्हणाली.

"तो कोपरा साफ केला मी," मेगा म्हणाला. नाक आईच्या स्वेटरला टेकलेलंच होतं. "स्टँड येत होता मध्ये."

"स्टँड कुठे होता? मी होते."

"तेच ते."

मी हे ऐकलंय. माझ्या कानांनी, माझ्याच दुकानात. 'तेच ते' म्हणाला आणि पुढच्या चेहऱ्याकडे सरकला.

ताईने अगदी हळू आवाजात विचारलं, "मला आईशेजारी बसवणार होतात ना?"

आता कुठे तो सरळ झाला. "राहिलं बघ. एवढी माणसं होती, प्रत्येकाचं काहीतरी नीट करायचं होतं. आणि तू काय, घरचीच."

"मग आता बसवा," मी म्हटलं. "मूळ फोटो असेलच की तुमच्याकडे."

तो नव्हता. साठ मेगापिक्सेलच्या फायली अवाढव्य, जागा खातात, म्हणून काम झालं की मूळ फाइल उडवून टाकायची ही त्याची पद्धत. उडवताना त्याला आठवणही झाली नसेल. बायको कोपऱ्यातून पुसली गेली, आणि मग जिच्यात ती होती ती मूळ फाइलही गेली. विटांच्या भिंतीच्या फायली मात्र सगळ्या होत्या. मी विचारलं म्हणून सांगितलं त्याने, त्या तुलनेसाठी लागतात.

मला वाटलं आता तरी ताई काही बोलेल. ती दुसऱ्या दिवशी कुठल्याशा बारशाला लाइट धरून उभी राहिली. मी तिच्यावरही चिडले. म्हटलं, "तुझ्या जागी मी असते तर ती छत्री त्याच्या डोक्यात घातली असती." ती म्हणाली, "छत्री मोडली असती गं."

मग मला माझ्या मोबाईलमधला फोटो आठवला. मी तो तिला पाठवला. ती दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "याचा प्रिंट काढायचा. हाताच्या पंजाएवढा पुरे. पलंगाशेजारी ठेवीन."

"दे, मी दुसरीकडून काढून आणते."

"नको. त्यांनीच काढून द्यावा." ती हट्टाला पेटली होती. "आईच्या शेजारी बसवतो म्हणाले होते. आता बसलेलीच आहे मी. त्यांनी आपल्या हाताने फक्त कागदावर उतरवून द्यावं."

मेगाने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला, आणि काय केलं? मोठा, अजून मोठा, अजून मोठा करत गेला, आईचा डोळा पडदाभर होईपर्यंत. तिथे राखाडी चौकोनांशिवाय काही उरलं नव्हतं. "याला फोटो म्हणतात?" म्हणाला. ताईने पुन्हा सांगितलं, पंजाएवढाच हवाय. तर म्हणतो, "पंजाएवढा काढला तर कुणाचाही चांगलाच दिसेल. त्यात कॅमेऱ्याचं काय कौतुक?" बघा, माहीत होतं त्याला. सगळं माहीत होतं. तरी ताईला प्रिंट मिळाला नाही. आज काढतो, उद्या काढतो.

त्यानंतर एके दिवशी ताई आणि मी समोरच्या फुटपाथवर, बसथांब्याजवळ उभ्या होतो. भाजी घेऊन परतत होतो, रस्ता ओलांडायचा होता. थांब्यावरची एक अनोळखी बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "ती म्हातारी बघ ना, काय छान हसतेय."

आम्ही बघितलं. स्टुडिओच्या शोकेसमध्ये आई होती. पुरुषभर उंचीचा फोटो, मान मागे टाकून हसणारी आई आणि शेजारी हात वर केलेली माझी ताई. रस्त्याच्या या बाजूने सगळं दिसत होतं, आईच्या गालावरच्या सुरकुत्या, ताईचे मिटलेले डोळे. आईचं हसू तर ऐकू येईल की काय असं वाटत होतं. त्याच्या बाजूला तो मोठा कौटुंबिक फोटो होता. त्यात इतक्या लांबून नुसते मोहरीएवढे चेहरे, कोण कुठे आहे ते कळत नव्हतं.

ताईने माझा दंड धरला. "त्यांनी केला गं," म्हणाली. "एवढा मोठा केला!" तिचा आवाज असा झाला होता की मलाही क्षणभर त्या माणसाबद्दल बरं वाटलं. कबूल करते, वाटलं.

आम्ही रस्ता ओलांडू लागलो. एकेक पावलाने आई विरत गेली. रस्त्याच्या मध्यावर सुरकुत्या गेल्या, स्टुडिओच्या फुटपाथवर डोळे गेले, आणि काचेशी पोचलो तेव्हा समोर नुसते करडे-तपकिरी चौकोन होते. त्याखाली ठळक अक्षरांत पाटी लावली होती: 'मोबाईलवर काढलेल्या फोटोचं असं होतं. शेजारी आमच्या कॅमेऱ्याचं काम बघा. फरक तुम्हीच ठरवा.'

आत मेगा एका गिऱ्हाइकाला समजावत होता. हातात पेन्सिल. शोकेसच्या आतल्या बाजूने वाकून तो पेन्सिलीचं टोक आईच्या चेहऱ्यावर आपटत होता. "हे बघा नाक. हे नाक आहे का? सांगा तुम्ही. हे दात आहेत की काय आहे?" दात नव्हतेच रे बाबा तिला! ऐंशी वर्षांची होती ती, तुझ्या बायकोची आई होती, तुला जावईबापू म्हणत होती. गिऱ्हाईक आपलं हो ला हो करत होतं.

ताई आत गेली. भाजीची पिशवी काउंटरवर ठेवली. शोकेसचं मागचं दार उघडून तिने तो फोटो दोन्ही हातांनी बाहेर काढला. फोमच्या बोर्डवर चिकटवलेला होता, म्हणून उचलला तरी गेला.

"अगं, काय करतेस? नमुना आहे तो!" मेगा ओरडला.

ताईने फोटो भिंतीला टेकवून ठेवला. कोपऱ्यात छत्रीचा लाइट उभा होता. तो उचलून तिने मेगाच्या हातात दिला. "धरा," म्हणाली. मग फोटो आडवा केला, कारण उभा धरून चालता येत नव्हतं, आणि बाहेर पडली. भाजीची पिशवी मी घेतली. गिऱ्हाइकाने निघताना विचारलं, "पेन्सिल ठेवू का कुठे?" मेगाच्या हातून पडलेली ती त्याने उचलली होती. 

ताई माझ्याकडेच राहिली. दुकानाच्या वर माझं घर आहे, जिना चढून आलं की दार, दारातून लांबलचक पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघराची भिंत. त्या फोटोला मी माझ्याकडची सगळ्यात जाड सागवानी पट्टी लावली आणि त्या टोकाच्या भिंतीवर टांगला. स्वयंपाकघरातून जाता-येता तो नुसता चौकोनांचा ढीग दिसायचा. दाराशी खुर्ची टाकून बसलं की आई हसायची. ताई दाराशीच बसायला लागली. भाजी निवडायची ती तिथे, चहा प्यायची तो तिथे.

काही दिवसांनी मेगा आला. मुलगा सांगून थकला होता, नातेवाईक सांगून थकले होते, तेव्हा एकदाचा आला. कॅमेरा खांद्याला होताच. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "कामं अडलीत. स्टँड आणला, पण तो सारखा फोटोत येतो. त्याला सांगून कळत नाही."

ताई खुर्चीवर बसून होती.  त्याची नजर पॅसेजच्या टोकाला गेली आणि झालं, नेहमीप्रमाणे पाय तिकडे वळले. आम्हा दोघींना ओलांडून तो तडक फोटोशी गेला, चष्मा कपाळावर, नाक काचेला. सरकला डावीकडून उजवीकडे. मी मनात म्हटलं, बोल. बोल एकदाचं.

"फुटलाय," तो म्हणाला. "सांगत होतो मी. पण आता काय, तुला आवडतोय तर कॉम्प्युटरवर थोडा नीट करून देतो. कडा ठळक करून देतो."

"मागे सरा," ताई म्हणाली.

"काय?"

"मागे सरा. इतक्या जवळून नसतो तो बघायचा."

तो हसला. "दुरून डोंगर साजरेच दिसणार." पण सरकला दोन पावलं. मान तिरकी करून बघितलं. "नाही. अजून फुटलेलाच आहे."

"अजून मागे."

तो फोटोकडे तोंड करून मागे मागे येऊ लागला. पॅसेजच्या मध्यावर थांबला. चष्मा डोळ्यांवर घेतला. बोलायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"अजून," ताई म्हणाली.

तो माझ्या बाजूने गेला, ताईच्या खुर्चीच्या बाजूने गेला. त्याची टाच उंबरठ्याला लागली. त्याने न बघताच पाय उचलून पलीकडे टाकला, मग दुसरा. आता तो बाहेर होता. त्याच्यामागे जिना आहे हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. पण तो थांबला. त्याचे डोळे फोटोवर असे लागले होते, जसे मी कधी कुणाच्या चेहऱ्यावर लागलेले बघितले नव्हते.  त्याला आई दिसली. ताई दिसली. आता यात मला शंका नाही, कारण त्याने विचारलं,

"तुझा हात असा वर का आहे?"

खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, दाराची काच थरथरली. ताई खुर्चीवरून उठली. तिने त्याच्याकडे बघितलं, अगदी जवळून, आणि दार लावून घेतलं.

वरची कडी आमच्याकडे उंच आहे आणि घट्टही. माझ्याने ती एका झटक्यात कधी लागत नाही. ताईने उजवा हात वर केला आणि सावकाश कडी सरकवली. हात जराही हलला नाही. एवढं एक मात्र तो माणूस खरं बोलत होता.